सोळाव्या नळीचं पोटॅशियम

सन्माननीय अध्यक्ष, आमचे संचालक साहेब. व्यासपीठावर विराजमान असलेले उत्पादन विभागाचे प्रमुख. ज्यांच्यासाठी आज कँटीनमधली टेबलं भिंतीला लावून ही जागा सभागृह म्हणून सजवली आहे ते आजचे सत्कारमूर्ती. त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी. समोर बसलेले माझे सहकारी, काम आटोपून आलेले आणि काम टाळून आलेले, दोन्ही. आणि मुद्दाम वेळ काढून बाहेरून आलेले पाहुणे, आपणा सर्वांना नमस्कार.

मला पाच मिनिटं मिळाली आहेत. सोबत एक चिठ्ठीही मिळाली आहे: ‘हलकंफुलकं बोला.’ चिठ्ठी कोणी पाठवली ते मी सांगणार नाही, पण ते अध्यक्षस्थानी बसले आहेत. साहेब, प्रयत्न करते. मात्र सत्कारमूर्तींबद्दल खरं बोलायचं आणि वर हलकंफुलकंही बोलायचं, हे पाच मिनिटांत जमेल असं मला वाटत नाही.

निरोपाच्या दिवशी माणूस कसा मनमिळाऊ होता, त्याने कधी कुणाला दुखावलं नाही, असं बोलायची रीत आहे. मी या माणसाच्या शेजारच्या खोलीत सतरा वर्षं काढली आहेत. मनमिळाऊ? यांनी मला सतरा वर्षं वैताग दिला. साधासुधा नाही. पद्धतशीर, तारीखवार, पेन्सिलीने लिहून दिलेला वैताग.

नव्या मंडळींना ठाऊक नसेल, यांना सगळे ‘मालक’ का म्हणतात. कंपनी यांची आहे म्हणून नव्हे. गेटवरचा नवा सुरक्षारक्षक मात्र तसंच समजला होता. सहा महिने तो यांना उभं राहून सलाम करायचा आणि संचालक साहेबांकडे ओळखपत्र मागायचा. हे नाव पडलं ते वेगळ्याच कारणाने. कुठलाही कोड यांच्यापुढे ठेवा, यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “याचा मालक कोण?” मेमरीचा एवढासा तुकडा असो. मागितला कोणी, सोडणार कोण, मालक कोण? मी घरी जाऊन लेकीला “या डब्याचा मालक कोण?” विचारायला लागले, तेव्हा माझे यजमान म्हणाले, “तू नोकरी तरी बदल, नाहीतर खोली तरी.”

आणि वहिनी, परवा फोनवर तुम्ही मला विचारलंत, “अगं, तुम्ही दोघं इतकी वर्षं भांडता तरी नेमकं कशावरून?” फोनवर मी हसून विषय टाळला. आज सांगते. ज्यांना हे माहीत आहे त्यांनी दोन मिनिटं पंख्याकडे बघावं.

आपण रक्त तपासायची यंत्रं बनवतो. ट्रेमध्ये साठ नळ्या ठेवायच्या, झाकण लावायचं, आणि पाऊण तासात प्रत्येक नळीचे वीस-बावीस आकडे पडद्यावर हजर. साखर, क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम. हे आकडे काढायचं सगळं गणित मालकांनी लिहिलं. त्यांची भाषा जुनी, थेट यंत्राशी बोलणारी. तिला आम्ही नेटिव्ह म्हणतो. त्या भाषेत मेमरीतली जागा आपण मागायची, वापरायची आणि आठवणीने परत करायची. विसरलात तर भोगा.

पडदे, अहवाल, छपाई हे सगळं माझ्या गटाचं. आमची भाषा मॅनेज्ड. तिच्यात जागा परत करायची चिंताच नाही. मागून एक सफाईवाला फिरत असतो. त्याचं खरं नाव गार्बेज कलेक्टर. जे कुणी वापरत नाही ते तो उचलून नेतो, आणि मोकळी जागा एकसंध व्हावी म्हणून जे वापरात आहे तेही सरकवून ओळीत लावतो. कुणाचं बिऱ्हाड कुठे हलवलं, ते आमच्या भाषेतल्या सगळ्यांना तो न चुकता कळवतो. मालकांच्या भाषेला मात्र कळवत नाही. ती त्याला दिसतच नाही.

मग एक दिवस वरून हुकूम आला. दोन वेगळे प्रोग्राम नकोत, दोन्ही भाषा एकत्र कंपाईल करून, म्हणजे यंत्राला कळेल अशा रूपात बदलून, एकच प्रोग्राम करा. ग्राहकाला एकच गोष्ट दिसली पाहिजे. हुकूम चार ओळींचा होता. तो अमलात आणायला आम्हाला दीड वर्ष लागलं. काय सांगू त्या दीड वर्षाचं? एक अक्षर बदललं की कंपाईल व्हायला चाळीस मिनिटं. चूक झाल्याचा संदेश यायचा तो नेमका दोन भाषांच्या सीमेवर, म्हणजे माझे लोक म्हणणार चूक त्यांची, त्यांचे लोक म्हणणार आमची, आणि मधल्या व्हरांड्यात चहाचे कप घेऊन दोन्ही बाजू उभ्या. बैठकीत मी वाक्य पुरं करायच्या आत मालकांचा “नाही” यायचा. मी एकदा विचारलं, “मी काय म्हणणार होते ते तरी तुम्हाला ठाऊक आहे का?” म्हणाले, “नाही.” आता हा आधीचाच ‘नाही’ होता की माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

तरी प्रोग्राम उभा राहिला. यंत्रं बाहेर गेली. आणि माझ्याकडे तक्रार आली की पडदा मधेच गोठतो. कारण सोपं होतं. बाकीचे आकडे झटकन निघतात, पोटॅशियम मोजणारा भाग सावकाश चालतो, आणि तो आकडा येईपर्यंत मालकांचं फंक्शन, म्हणजे मोजणी करणारा त्यांच्या कोडचा तुकडा, काम संपवून परत यायचं नाही. माझा पडदा तोवर ताटकळायचा. मी व्हरांडा ओलांडून गेले आणि आवाज चढवून म्हणाले, “तुमच्या एका आकड्यासाठी माझा आख्खा पडदा बंद का म्हणून?” मालकांनी पहिल्यांदाच ‘नाही’ म्हटलं नाही. तीन आठवड्यांनी त्यांनी फंक्शन बदलून दिलं. आता ते लगेच परत यायचं, आणि पोटॅशियमचा आकडा तयार झाला की मागाहून त्याच्या जागी लिहिला जायचा. सोबत पेन्सिलीने लिहिलेलं चौदा पानांचं टिपण. ते अक्षर तुमच्यापैकी ज्यांनी पाहिलं आहे त्यांची मला सहानुभूती मिळेल. मी चार पानं वाचली, पहिल्या पानावर ‘वाचले’ म्हणून सही केली आणि टिपण फाईलला लावलं.

पडदा गोठायचा थांबला. दोन वर्षं सगळं सुरळीत. साहेब, पाच मिनिटं झाली, मला कल्पना आहे. पण इथेच थांबले तर ते हलकंफुलकं होईल, खरं होणार नाही.

एका रुग्णालयात आपलं यंत्र होतं. तिथे पाय मोडलेला एक गवंडी शस्त्रक्रियेसाठी आला होता. सकाळच्या ट्रेमध्ये त्याची नळी सतरावी. सोळावी नळी डायलिसिसवर असलेल्या एका आजींची. आजींचं पोटॅशियम सहा पूर्णांक नऊ, म्हणजे धोक्याच्या बरंच वर. त्यांच्या आजारात ते समजण्यासारखं होतं. पण गवंड्याचंही सहा पूर्णांक नऊ आलं. इतकं पोटॅशियम वाढलं की हृदय कधीही बंद पडू शकतं. शस्त्रक्रिया थांबवली, त्याला अतिदक्षता विभागात नेलं, पोटॅशियम खाली आणायची औषधं सुरू केली. मुळात त्याचं पोटॅशियम अगदी बरोबर होतं. ते खाली आणल्यावर काय होणार? बाकीचे डॉक्टर आकड्याकडे बघत होते. एका डॉक्टरांनी हृदयाच्या आलेखाकडे बघितलं, म्हणाले हे जुळत नाही, आणि रक्त पुन्हा काढायला लावलं. गवंडी वाचला. दोन दिवस त्याने आणि त्याच्या बायकोने काय काढले असतील, ते मी इथे वर्णन करायची गरज नाही.

चूक कुणाची? रुग्णालयाने ठरवलं, नळ्या बदलल्या गेल्या. त्या सकाळी प्रयोगशाळेत एक तंत्रज्ञ बाई कामावर होत्या. अठरा वर्षांची नोकरी. त्यांना त्याच दिवशी निलंबित केलं. नंतर रीत म्हणून आपल्या कंपनीला पत्र आलं: यंत्रात काही दोष असू शकतो का? ते उत्तर मी लिहिलं. दोन वाक्यांचं. ‘यंत्रात कोणताही दोष आढळलेला नाही. नमुने हाताळताना सरमिसळ झाली असण्याची शक्यता आहे.’ ते लिहायला मला वीस मिनिटं लागली, आणि त्यातली पंधरा कोरा लेटरहेड शोधण्यात गेली.

दहा दिवसांनी त्या बाईंचं पत्र आलं. हाताने लिहिलेलं, कंपनीच्या नावाने, वर ‘प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी’ असं लिहिलेलं. मी ते चाळलं आणि बाजूला ठेवलं. दुपारी मालक कसल्याशा दुसऱ्याच गोष्टीवरून भांडायला माझ्या खोलीत आले. टेबलावर पत्र दिसलं. उभ्यानेच वाचलं. चष्मा वर करून पुन्हा वाचलं.

“हे वाचलंत?”

“वाचलं. बिचाऱ्या स्वतःला वाचवायला धडपडताहेत.”

“नाही. तुम्ही हे वाचलेलं नाही, नुसतं बघितलंय.” आणि तिथेच, माझी दोन नवी मुलं समोर बसलेली असताना, त्यांनी ते मोठ्याने वाचलं. बाईंनी लिहिलं होतं: नळ्या बदलल्या असत्या तर त्या दोघांचे सगळेच आकडे उलटसुलट झाले असते. गवंड्याची साखर, क्रिएटिनिन, सोडियम सगळं त्याचंच आहे. फक्त पोटॅशियम आजींचं. नळीतून एकटं पोटॅशियम कसं उडी मारेल? आणि दुसरं. सोळाव्या नळीचं पोटॅशियम आधी कोरं आलं होतं. यंत्राने आपणहून ती नळी पुन्हा तपासली, मग आकडा आला. याची नोंद यंत्रातच आहे, तुम्हीच बघा.

मालकांनी पत्र घडी करून खिशात घातलं. “या बाई आपल्यापेक्षा चांगल्या प्रोग्रामर आहेत,” म्हणाले आणि निघून गेले. भांडायला आले होते ते विसरूनच गेले. मला काय वाटलं? लाज? छे. मला संताप आला. माझं पत्र, माझं टेबल, माझी मुलं, आणि यांचं हे नेहमीचं!

पुढचे नऊ दिवस मालक तळमजल्यावरच्या चाचणीच्या खोलीत बसून होते. साठ नळ्यांत साठ वेगवेगळ्या ताकदीची क्षारांची द्रावणं भरायची, यंत्र चालवायचं, आकडे ताडून बघायचे. पुन्हा भरायची. चूक काही दिसेना. मी दारातून म्हणायचे, “बघा, यंत्र ठीक आहे.” ते वरही बघायचे नाहीत. दहाव्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात आले.

“तुमचा तो सफाईवाला. तो त्याच्या मर्जीने येतो ना?”

“हो. मेमरी भरत आली की येतो.”

“त्याला सारखा यायला लावता येईल? दर सेकंदाला?”

लावता येतं. तशी सोय आहे. मी ती वैतागूनच करून दिली, एकदाची त्यांची हौस फिटावी म्हणून. यंत्र सुरू केलं. चोविसाव्या मिनिटाला एकतिसावी नळी कोरी आली, आणि बत्तिसाव्या नळीत एकतिसावीचं पोटॅशियम.

मी खुर्ची ओढून बसले.

वहिनी, झालं होतं ते असं. प्रत्येक नळीच्या आकड्यांचा तक्ता माझ्या बाजूच्या मेमरीत. त्याचा पत्ता मी मालकांच्या फंक्शनला देते, आणि त्यांचं काम चालू असेतो तक्ता हलू नये म्हणून तो जागच्या जागी खिळवून ठेवते. फंक्शन परत आलं की मी खिळा काढते. पण फंक्शन आता लगेच परत यायला लागलं होतं, माझ्याच आग्रहावरून. पोटॅशियम मागाहून येणार, जुन्याच पत्त्यावर. मधल्या काही क्षणांत सफाईवाला येऊन गेला, तर तक्ते सरकणार, आणि त्या पत्त्यावर शेजारच्या नळीचा तक्ता येऊन बसणार. आजींचा आकडा गवंड्याच्या घरात पडला तो असा. हजारो नळ्यांमागे एखाद्या वेळी. दोन वर्षांत आणखी किती वेळा पडला असेल? ते आम्ही नंतर शोधलं. चार वेळा. चारही वेळा आकडे साधारण जवळपासचे होते, म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही. ही आमची हुशारी नव्हे.

मी वर जाऊन फाईल काढली. चौदा पानांतलं पान नऊ. तळाशी, खाली रेघ ओढून: ‘फंक्शन परतल्यानंतरही मी हा पत्ता वापरणार आहे. तक्ता तोवर हलता कामा नये.’ पहिल्या पानावर माझी सही. ‘वाचले.’

मी ती फाईल त्यांच्यासमोर ठेवली. सतरा वर्षांच्या भांडणात इतका पक्का पुरावा कुणाच्या हाती लागला नव्हता. म्हटलं, आता बोला काय बोलायचं ते. त्यांनी चष्मा वर करून ते पान वाचलं. मग म्हणाले, “एवढी मोठी गोष्ट पान नऊवर लिहितात का हो? तुमच्या टेबलाशी येऊन सांगायला मला काय झालं होतं? तेव्हा आपण बोलत नव्हतो म्हणून मी लिहून मोकळा झालो.” त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची. आकडा त्यांनी आधी स्वतःच्या जागेत लिहायचा, मग मी तिथून उचलायचा. खरा वैताग पुढे होता. अध्यक्ष महोदय, तुमची क्षमा मागून सांगते. तुम्ही म्हणालात, “नवी आवृत्ती पाठवून द्या. कागदावर ‘किरकोळ सुधारणा’ असं लिहा.” पाठवण्याच्या कागदावर आम्हा दोघांच्याही सह्या लागतात, कारण प्रोग्राम एकच. मी सही केली होती. हो, केली होती. मालकांनी पेन खाली ठेवलं.

“त्या बाई घरी बसल्या आहेत. रुग्णालयाला आधी पत्र गेलं पाहिजे.”

“पत्राने कंपनीचं नाव जाईल.”

“नाव गेलेलंच आहे, साहेब. फक्त लोकांना अजून कळलेलं नाही.”

तुम्ही चिडलात. मीही चिडले. मी म्हणाले, “मालक, बाकीच्या रुग्णालयांतली यंत्रं आज या क्षणी चुकीची चालताहेत, आणि तुम्ही सहीसाठी अडून बसलाय!” ते म्हणाले, “म्हणून तर पत्र आज लिहा. त्यांना पोटॅशियम हाताने ताडून बघायला सांगा. आवृत्ती पोचायला आठवडा लागेल, फोन आत्ता पोचेल.” आणि तुमच्याच टेबलावरच्या फोनवरून त्यांनी पहिल्या रुग्णालयाला फोन लावला. साहेब, तुम्ही रिसीव्हर हिसकावून घेऊ शकला असतात. तुम्ही घेतला नाहीत. दुसऱ्या रुग्णालयाला तुम्ही स्वतः फोन लावलात. ही गोष्ट या सभागृहात कुणाला ठाऊक नाही, म्हणून आज मुद्दाम सांगितली. तुम्ही चिठ्ठी पाठवलीत तरी सांगितली.

पत्रही गेलं, तुमच्या सहीचं. पण टपालाने गेलं नाही. मालक ते घेऊन बसने गेले. रुग्णालयात दिलं, तिथून पत्ता विचारून त्या बाईंच्या घरी गेले. मला म्हणाले होते, “तुम्ही पण चला.” मी म्हटलं, “मला पुढच्या आवृत्तीचं काम आहे.” काम होतं, खोटं नाही. पण काम कधी नसतं?

पाच आठवड्यांच्या निलंबनानंतर बाई कामावर परतल्या. आम्ही दोघांनी पुढचे सात महिने सीमेवरची दोनशे बारा फंक्शनं एकेक करून तपासली. एका टेबलाशी, शेजारी खुर्च्या टाकून. प्रत्येकाला तोच प्रश्न: याचा मालक कोण? रोज वाद. एकदा मी पेन फेकलं, एकदा ते डबा अर्धवट टाकून उठून गेले. त्यात आणखी तीन चुका सापडल्या. दोन माझ्या, एक त्यांची, आणि त्यांची एक सापडली त्या दिवशी मी गटाला आइस्क्रीम खाऊ घातलं. त्यांनीही खाल्लं.

आता उद्यापासून ते येणार नाहीत. पेन्सिलीचं अक्षर वाचायला लागणार नाही, व्हरांड्यात कुणी अडवणार नाही, वाक्य पुरं करता येईल. मला आनंद व्हायला हवा. होत नाही, आणि त्याचाही वैताग येतोय.

वहिनी, तुमचे आभार. हे घरीही असेच असतील, असं मी धरून चालते. आयोजकांचे, अध्यक्षांचे आणि पंधरा मिनिटं ऐकून घेतलेल्या तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावं.

पण मला एक माफी सभागृहाकडे मागायची नाही. मालकांच्या आमंत्रणावरून त्या तंत्रज्ञ बाई आज इथे आल्या आहेत. तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ. मघाशी गेटवर त्यांनी मलाच विचारलं, “सभागृह कुठे आहे हो?” मी त्यांना जिना दाखवला, वरपर्यंत सोबत आले, पाणीही दिलं. मी कोण, ते मात्र सांगितलं नाही.

बाई, ‘सरमिसळ झाली असण्याची शक्यता आहे’ हे मी लिहिलं होतं. नळ्या तुम्ही नीट लावल्या होत्या. माझं चुकलं. त्या दिवशी मी बसमध्ये बसायला हवं होतं.

नमस्कार.